हिरव्या काठाचं फडकं

गोऱ्या डॉक्टर साहेबाने माझ्या दादाच्या पोटरीवर दोन बोटं ठेवली, हलकेच दाबली आणि मान हलवली. शेजारी उभ्या असलेल्या देशी डॉक्टरांशी तो इंग्रजीत चार वाक्यं बोलला. त्यातला एकच शब्द माझ्या कानात राहिला, कारण तो दोनदा आला. गँगरीन.

देशी डॉक्टरांनी मला व्हरांड्यात नेलं. ते पुण्याकडचे होते आणि आमच्या बोलीला नाक मुरडायचे, पण त्या दिवशी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गँगरीन म्हणजे माणूस जिवंत असतानाच त्याचं मांस मरायला लागतं," ते म्हणाले. "मेलेलं मांस कापून काढावं लागेल. आत्ताच. संध्याकाळपर्यंत थांबलात तर पाय जाईल, उद्यापर्यंत थांबलात तर भाऊ जाईल."

मी तेव्हा बाविशीचा होतो. वडील अकोल्याला, आम्ही अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात, आणि बैलगाडीने निरोप जाऊन उत्तर यायला आठवडा गेला असता. विचारायला कोणी नव्हतं. मी म्हणालो, "कापा."

दादा वाचला, हे आधीच सांगून टाकतो. वाचकाचा जीव उगाच टांगणीला लागू नये. मी हे लिहितोय ते दादासाठी नाही. त्याच दवाखान्यात, दादाच्या शेजारच्या खाटेवर एक माणूस मेला. तो माझ्या हातून मेला. तीस वर्षं मला हे माहीत नव्हतं. आता माहीत आहे, आणि ज्यांच्या घरी असं दुखणं येईल त्यांनाही माहीत असावं म्हणून लिहितो.

मी सोनाजी. जातीने माळी. अकोल्याला मोर्णेच्या काठी आमचा मळा, वांगी, मेथी आणि कांद्याचा. त्या वर्षांत तिकडे अमेरिकेत लढाई चालली होती. तिकडचा कापूस बंद झाला आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसावर सारं जग तुटून पडलं. ज्याच्या दारी बैलजोडी होती तो कापूस वाहायला निघाला. दादाही निघाला. मला घरात बसवेना, म्हणून मीही त्याच्याबरोबर गाडीवर चढलो.

अमरावतीच्या कापूस बाजारात तेव्हा पाऊल ठेवायला जागा नसे. शेकडो गाड्या, हजारभर बैल, खाली घोटाभर शेण आणि कुटार-भुशाचा चिखल. पुढच्या गाडीचा बैल उधळला, आमची जोडी मागे सरली आणि दादा खाली पडला. गाडीच्या कडेचा लाकडी खुंटा निखळला होता, तो त्याच्या पोटरीत घुसला. मी तो उपसून काढला. भळभळ रक्त आलं. हाताशी होतं काय, तर कापूस. गाडीखाली सांडलेला, बैलांनी तुडवलेला कापूस उचलून मी जखमेत कोंबला आणि वरून दादाचंच मुंडासं करकचून आवळलं. रक्त थांबलं. मी स्वतःवर खूश झालो.

दोन दिवस काही झालं नाही. दादा धर्मशाळेत पडून होता, भाकरी खात होता, मला शिव्या देत होता. सगळं ठीक होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "सोन्या, पाय लय दुखून राहिला बे." मी पाहिलं तर जखम होती तेवढीच. थोडी लाली, थोडी सूज. मी म्हणालो, "एवढ्याशा जखमेचं काय घेऊन बसला?" माझी पहिली चूक ही. जखम दिसते त्याहून दुखणं जर कितीतरी जास्त असेल, तर दुखणाऱ्याचं ऐका, जखमेचं ऐकू नका. आत काय चाललंय ते वरच्या कातडीला उशिरा कळतं.

दुपारी त्याला हीव भरलं. संध्याकाळी पाय लाकडासारखा टणक झाला आणि कातडी ताणून चकाकायला लागली. दुसऱ्या दिवशी पोटरीवर फोड आले. त्यांतलं पाणी पांढरं नव्हतं, काळपट तांबडं होतं. दादा बरळायला लागला. त्याला वाटत होतं तो मळ्यात आहे आणि मी पाट फोडून पाणी वाया घालवतोय. "बंद कर ना बे पानी!" तो ओरडायचा. तेव्हा कुठे मी त्याला गाडीत घालून दवाखान्यात आणलं.

त्यांनी क्लोरोफॉर्म दिला. ते नाकाशी धरायचं गोडसर वासाचं औषध. त्याने माणूस झोपतो आणि सुरी चालली तरी उठत नाही. मला बाहेर काढलं होतं, तरी दाराच्या फटीतून मी पाहिलं. साहेबाने पोटरीचं काळं मांस कापून टाकलं, पार हाडाजवळपर्यंत. मग जखमेत मांस जाळणारं तेजाब ओतलं. धूर निघाला. तो वास आजही कुठे चुलीवर काही करपलं की मला आठवतो आणि मी उठून बाहेर जातो.

दुसऱ्या दिवशी दादा शुद्धीवर आला आणि पहिलं वाक्य बोलला, "बैल कुठी हायेत?" मी तिथेच रडलो.

वॉर्डात आठ खाटा होत्या. रोग्याची भाकरी रोग्याच्या माणसांनी करायची अशी रीत होती, त्यामुळे व्हरांड्यात तीन दगडांच्या चुली मांडलेल्या असत आणि तिथे एक गावच वसलेलं असे. जखमा धुवायला एक ड्रेसर होता, म्हणजे पट्ट्या बांधणारा माणूस. त्याच्याकडे एक घमेलं, एक स्पंज आणि पट्ट्यांचं गाठोडं. एका खाटेपासून सुरुवात करून तो आठव्या खाटेपर्यंत जायचा. घमेल्यातलं पाणी मधेच एकदा बदलायचा, आठवण राहिली तर.

एका गोष्टीचं मला अजून हसू येतं, हसू नव्हे, काय म्हणावं ते कळत नाही. खिडकीतून बाहेर पाहिलं की कापसाच्या गाड्यांची रांग दिसे, क्षितिजापर्यंत पांढरी. आणि आत वॉर्डात जखमेला बांधायला फडकं नव्हतं. सगळा कापूस बोटीत चढून विलायतेला चालला होता, कापड मिळेनासं झालं होतं, लोक फाटकं धोतर टाकायचं सोडून त्याला ठिगळं लावत होते. जुनं फडकं मागायला गेलं तर लोक तोंड फिरवत. ड्रेसरने मला स्वच्छ सांगितलं, "पट्टीचं कापड तुमचं तुम्ही आणा."

माझ्याकडे होतं. निघताना बायकोने भाकऱ्या तिच्या जुन्या लुगड्यात बांधून दिल्या होत्या. विटलेलं पांढुरकं लुगडं, हिरव्या काठाचं. मी त्याच्या नऊ पट्ट्या फाडल्या. रोज दोन लागत. काढलेल्या पट्ट्या मी दवाखान्यामागच्या विहिरीवर नेऊन थंड पाण्यात चोळून चोळून धूत असे, पूचे डाग जाईपर्यंत. मग व्हरांड्याच्या सावलीत वाळत घालत असे. उन्हात घातल्या तर कापड लवकर विरतं, असं मला वाटे. पट्ट्या पांढऱ्या दिसत. मला त्याचा केवढा अभिमान होता! आणि एक पट्टी मी अजिबात न वापरता कमरेला खोचून ठेवली होती. दादा घरी निघेल त्या दिवशी बांधायला.

दादाच्या शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवशी शेजारच्या खाटेवर बाबूमियां आले. अकोटचे पिंजारी. गाद्या-रजयांचा कापूस पिंजून देणारा माणूस. पण त्या वर्षी कापूस गादीत घालायची कोणाची ऐपत होती? पिंजायला काम नाही म्हणून ते अमरावतीला सरकी काढायच्या रेच्यावर लागले, आणि रेच्याच्या लाटेत, म्हणजे फिरत्या रुळांत, त्यांचा अंगठा सापडला. नख निघालं होतं, कातडी सोलवटली होती. तेवढंच. देशी डॉक्टर म्हणाले, चार दिवसांत घरी जाल.

त्यांची बायको बानूबी बरोबर होती. व्हरांड्यात तिची चूल आणि माझी चूल शेजारी. माझी भाकरी पाहून तिने पहिल्याच दिवशी कपाळावर हात मारला. "भाऊ, हे भाकर हाय का गोवरी?" त्यानंतर ती दादाचं पिठलं तिच्या चुलीजवळ करायला लावी आणि दुरूनच सांगे, आता तिखट टाक, आता उतरव. आपापली जात सांभाळून आम्ही एकाच राखेत वांगी भाजत होतो.

बाबूमियां बोलके. दादाला हसवायचे. पडल्या पडल्या पिंजणीच्या धंद्यातल्या गोष्टी सांगायचे. एकदा ते म्हणाले, "आमच्यात एक कायदा हाय. आजारी मानसाच्या गादीचा कापूस दुसऱ्याच्या कापसात कधीच मिसळाचा नाई. मेलेल्याच्या त बिलकुलच नाई. गादी पिंजाले आली का माझा बाप पहिले इचारे, ह्याच्यावर कोन झोपत होतं?"

दादाने विचारलं, "मिसळलं त काय होते?"

"ते बापाले बी मालूम नव्हतं. कायदा मालूम होता."

आम्ही तिघेही हसलो.

दोन दिवसांनी ड्रेसर तापाने पडला. कोणी पट्ट्या बदलायला नाही. साहेब दौऱ्यावर, देशी डॉक्टर एकटे. मी पुढे झालो. मळ्यातल्या माणसाला घाणीची किळस नसते. मी आठही खाटांच्या जखमा धुतल्या. पाणी मात्र प्रत्येक खाटेला नवं आणलं, हे माझ्या बाजूने सांगतो. बाबूमियांच्या अंगठ्यावरची पट्टी घट्ट वाळून चिकटली होती, ती भिजवून काढली. त्यांच्याकडे दुसरी नव्हती. मी माझ्या पट्ट्यांतली एक बांधली. बांधताना त्यांनी काही विचारलं, मी उत्तर दिलं. काय ते पुढे सांगेन. इथे लिहायला हात धजत नाही.

साहेब परत आला तेव्हा देशी डॉक्टरांनी माझं नाव सांगितलं. साहेबाने सगळ्या वॉर्डासमोर माझी पाठ थोपटली. दादाची छाती फुगली. बानूबीने व्हरांड्यात बसून माझ्यासाठी दुआ मागितली, हात उंचावून, आणि मला कौतुकाने म्हणाली, "अल्ला तुमाले कदी हातानं अधू न करो."

दुसऱ्या संध्याकाळी बाबूमियांचा हात ठणकायला लागला. रात्रीतून लाली मनगटापर्यंत आली. सकाळी साहेबाने दौत मागवली आणि लाली जिथे संपत होती तिथे शाईने रेघ ओढली. दुपारी पाहिलं तर लाली रेघेच्या चार बोटं पुढे. साहेबाने दुसरी रेघ ओढली. संध्याकाळी तीही मागे पडली. देशी डॉक्टर म्हणाले, "याला इरिसिपेलस म्हणतात. आपल्याकडे धावरे. अंगावर धावत जातं म्हणून धावरे." पण नुसत्या धावऱ्यावर ते थांबलं नाही. कोपराखाली फोड आले. त्यातलं पाणी काळपट तांबडं होतं. ते पाणी मी ओळखलं. ते मी दादाच्या पोटरीवर पाहिलं होतं.

मी ओळखलं, तरी मला काही कळलं नाही.

साहेबाचं म्हणणं, हवा बिघडली. दवाखान्यामागे सडलेल्या सरकीचा ढीग होता, त्याचा दर्प आत येतो आणि जखमा चिघळवतो. खिडक्या उघडल्या, गंधकाची धुरी दिली, बाकीचे रोगी मैदानातल्या तंबूत हलवले. बाबूमियां हलवण्यासारखे राहिले नव्हते. हात कापायचं ठरलं, पण लाली तोवर छातीवर आली होती. चौथ्या दिवशी उजाडताना ते गेले. अंगठ्याचं नख निघालेला माणूस, हिंडता फिरता, चार दिवसांत घरी जाणारा.

बानूबीला अकोटला पोचवायला मी आमची गाडी जुंपली. पूर्ण वाटेत ती एकदाच बोलली. "तुमी होते म्हून त्यायच्या आंगावर कोनाचा तरी हात फिरला, भाऊ."

महिना-दीड महिन्याने दादा घरी आला, एक पोटरी नसल्यासारखी बारीक झालेली, पण स्वतःच्या पायाने. त्यानंतर तो पंचवीस वर्षं जगला. अकोटकडे कोणाची गाडी निघाली की त्यात बानूबीसाठी मळ्यातली टोपली ठेवायचा, वांगी, काकडी, हंगामात जे असेल ते. बानूबीकडून निरोप यायचा, भाऊसाठी रोज दुआ मागते. दादा येईल त्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, "ह्याच्या हातानं मी जिता हाय." मी खाली मान घालून हसायचो. आवडायचं मला ते.

मागच्या वर्षी वांगी तोडताना माझ्या बोटात काटा गेला आणि बोट पिकलं. मुलाने अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे आता नवा डॉक्टर आहे, आपल्यातलाच, मुंबईला शिकलेला, माझ्या मुलाहून लहान. बोटाला हात लावण्याआधी त्याने हात धुतले, कार्बॉलिक नावाच्या उग्र वासाच्या औषधाच्या पाण्यात. सुरीही त्यात बुडवली. बोट फोडून पू काढला आणि पुन्हा हात धुतले. पट्टी उकळून ठेवलेल्या डब्यातून चिमट्याने काढली. मी म्हणालो, "डॉक्टर, तुमचं सोवळं आमच्या भटजीपेक्षा कडक दिसते."

तो हसला. "आजोबा, दाखवू का कशाचं सोवळं ते?"

टेबलावर पितळी नळी उभी होती, मायक्रोस्कोप. बारीक वस्तू हजारपट मोठी दाखवणारं भिंगाचं यंत्र. माझ्या बोटातल्या पूचा थेंब त्याने काचेवर पसरला, त्यावर रंग टाकला आणि मला डोळा लावायला सांगितलं. आधी नुसता धूसर उजेड. मग दिसलं. निळे ठिपके, एकापुढे एक, पोरींच्या गळ्यातल्या मण्यांच्या माळेसारखे.

"हे जिवंत आहेत?" मी विचारलं.

"तुमच्या बोटात होते तेव्हा जिवंत होते. यांना बॅक्टेरिया म्हणतात, डोळ्यांना न दिसणारे जीव. पू, सूज, धावरे, मांस सडणं, सगळं यांचं काम. ही माळवाली जात स्ट्रेप्टोकॉकस. काही द्राक्षांच्या घडासारखे असतात. काही काड्यांसारखे, ते शेणामातीत राहतात आणि खोल जखमेत गेले तर मांस सडवतात. नुसती जखम पाहून कोणती जात ते नक्की सांगता येत नाही, म्हणून हे यंत्र."

मी त्याला दादाच्या पायाचं सांगितलं. खुंटा, शेण, तुडवलेला कापूस, काळपट फोड. मग बाबूमियांच्या अंगठ्याचं सांगितलं, शाईच्या रेघा, फोड. तो लक्ष देऊन ऐकत होता. म्हणाला, "पाहिल्याशिवाय शपथेवर सांगता यायचं नाही. पण लाली अशी धावली आणि फोड दोघांना सारखेच आले, म्हणजे ही माळच असावी, दोघांच्याही अंगात."

"एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जाते कशी? उडून?"

"हातावरून जाते. नाहीतर फडक्यावरून."

"धुतलेल्या?"

"थंड पाण्यात धुतलेल्या फडक्यावर ती मजेत राहते. उकळल्याशिवाय मरत नाही."

मी स्टुलावर बसून राहिलो. मळ्यात मी जन्म काढला. एका वाफ्यात हरळी माजली की पाटाच्या पाण्याबरोबर तिचे तुकडे पुढच्या वाफ्यात जातात, हे मला पाच वर्षांचा असताना कळत होतं. आणि वॉर्डात पाट मीच होतो.

माझा चेहरा पाहून डॉक्टर म्हणाला, "आजोबा, तुम्हाला कसं कळणार होतं? तेव्हा मोठमोठ्या साहेबांना माहीत नव्हतं. तुमचा काहीएक दोष नाही."

मुलगाही तेच म्हणाला. बायकोही. सगळे तेच म्हणतात, आणि मी ऐकून घेतो, कारण त्यांना मी अर्धंच सांगितलंय.

आता मघाशी गाळलेलं लिहितो.

मी पट्टी बांधायला घेतली तेव्हा बाबूमियांनी हात मागे घेतला. अगदी हलकेच. विचारलं, "सोनाजीभाऊ, हे कोनाच्या आंगचं हाय?"

बापाचा कायदा ते विसरले नव्हते. माझ्या हातातली पट्टी दोन दिवसांपूर्वी दादाच्या पोटरीवरून सोडून धुतलेली होती. कमरेला कोरी पट्टी खोचलेली होती. ती देता आली असती. पण ती दादाची होती, मला ती सोडवेना. शिवाय राग आला. सहा खाटा उरकून आलोय, कोणी सांगितलं नसताना घाण काढतोय, आणि हा माझी चौकशी करतो! मी म्हणालो, "कोरं हाय. घरचं हाय."

त्यांनी लगेच हात पुढे केला.

तिसऱ्या दिवशी, आम्हाला तंबूत हलवण्याआधी आणि ताप त्यांच्या डोक्यात चढण्याआधी, मी दादाची पट्टी बदलत होतो. बाबूमियांनी दादाच्या पायाकडे पाहिलं. हिरवा काठ. मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तोच हिरवा काठ. मग माझ्याकडे. मी पट्टीची गाठ मारत राहिलो.

न कळण्याची माफी जगात सगळे देतात. मला कळत नव्हतं, हे खरं. पण त्यांना कळत होतं. एका पिंजाऱ्याच्या बापाला साहेबाच्या आधी कळत होतं, आणि मी खोटं बोलून त्याचं कळणं फुकट घालवलं.

बोट बरं झाल्यावर मी दमणी, आमची हलकी बैलगाडी, जुंपून अकोटला गेलो. दादा गेल्यापासून टोपल्या बंद होत्या, त्याचीही लाज वाटत होती. बानूबी आता सत्तरीला आली आहे. तिच्या दारात बसून धाग्याच्या गुंड्या करत होती. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही. "भाऊ! केवढे म्हातारे झाले तुमी," ती म्हणाली आणि उठून पाणी आणायला निघाली. मी म्हणालो, "बस, भाभी. पहिले ऐकून घे."

मी सगळं सांगितलं. मायक्रोस्कोपचं तिला समजलं की नाही, ठाऊक नाही. फडक्याचं समजलं. त्यांनी विचारलेला प्रश्न सांगितला, माझं उत्तर सांगितलं, हिरवा काठ सांगितला, कमरेची कोरी पट्टी सांगितली. सांगताना मला वाटत होतं ती ओरडेल, शेजारीपाजारी गोळा होतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

ती गुंडीचा धागा बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"त्यायनं पाहिलं होतं म्हंता?" तिने विचारलं.

"हो."

"आन मले सांगतलं नाई." ती स्वतःशीच बोलली. "तुमाले मी शिव्याशाप दिले असते म्हून नसन सांगतलं. तुमची गाडी लागनार होती ना मले, ते गेल्यावर घरी याले."

हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी दाराच्या चौकटीला धरून बसलो.

"तीस साल," ती म्हणाली, "तीस साल मी तुमच्यासाठी दुआ मांगली. आता ते वापस कशी घेऊ? गेली ते गेली." मग सरळ माझ्याकडे पाहिलं. "पन आजपासून नाई मांगनार. हे तोंडावर सांगून देतो."

"नको मागू," मी म्हणालो.

मी उठलो. जोडे घालत होतो तेवढ्यात तिने हाक मारली. तिच्या डाव्या तळहातावर चिंधी होती. विळीने कापलं होतं, तीन दिवस झाले होते. चिंधी कळकट, कडेला पिवळी पडलेली. मी तिथे आल्यापासून ती चिंधी मला दिसत होती आणि तिच्याकडे बोट दाखवायचं तोंड मला नव्हतं.

"तुमच्या डाकतरनं जे शिकवलं," ती म्हणाली, "ते करून द्या."

"भाभी, माझ्या हातानं नको. मी अकोल्याला घेऊन जातो तुला, डॉक्टर बांधेल."

"जाऊ ना. उद्या जाऊ. आज कोन बांधन? माझं कोनी हाय का घरात?" ती आत गेली आणि पेटीतून कापडाचा तुकडा काढून आणला. पांढरा, घडी न मोडलेला. "हे कोरं हाय," ती म्हणाली, आणि म्हणताना माझ्यावरची नजर काढली नाही.

मी चूल पेटवली. पातेल्यात पाणी उकळलं, त्यात तो तुकडा टाकला, चांगला खळखळू दिला. कोरा असला तरी उकळला. हात राखेने आणि ऊन पाण्याने कोपरापर्यंत चोळले. मग तिच्यासमोर बसलो.

तिने हात पुढे केला नाही.

"अजून एकदा धुवा," ती म्हणाली.

मी उठलो आणि पुन्हा धुतले. परत येऊन बसलो तेव्हा तिचा हात पुढे होता, चिंधी तिनेच सोडलेली. जखम साफ होती, लाली थोडी, धावलेली नाही. तरी मी चुलीतला विझलेला कोळसा चिमट्यात धरून लालीच्या कडेने रेघ ओढली, आणि तिला सांगितलं की ही रेघ ओलांडली तर सकाळची वाट न पाहता निघायचं. मग पट्टी बांधली. गाठ दोनदा सुटली. ती नुसती पाहत राहिली.

त्या रात्री मी तिच्याच ओसरीवर झोपलो. सकाळी ती दारात आली, पट्टी सोडून हात माझ्यापुढे धरला. लाली रेघेच्या आत होती. मग दमणी जुंपली आणि तिला अकोल्याला डॉक्टरकडे घेऊन गेलो.

तो डॉक्टर, त्याचं यंत्र आणि त्याचं कार्बॉलिकचं पाणी, यांचे उपकार माझ्यावर आहेत, जरी त्यांनीच माझी झोप नेली. आता आमच्या आळीत कोणाला काही लागलं की मला बोलावतात. मी पातेलं चुलीवर ठेवतो आणि उकळी येईपर्यंत कोणाला जखमेला हात लावू देत नाही. लोकांना ते म्हाताऱ्याचं वेड वाटतं. आणि कोणी विचारलं की हे फडकं कोणाचं, तर मी आधी हातातलं काम थांबवतो आणि खरं सांगतो.